बनुबाईनं गोळा केलेले अंगठे

बनुबाई मदने गवंडीण झाली ती एका अरुंद भोकामुळं.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तासगावच्या बाजूला गोबरगॅस बांधायचं सरकारी शिबिर भरलं होतं. बनुबाई तिथं विटा वाहायला रोजंदारीवर गेली होती. जमिनीखालचा विटांचा घुमट बांधून झाला, आतून गिलावा करायची वेळ आली, तेव्हा शिकवणारा मिस्त्री भोकात कमरेपर्यंत शिरला आणि तिथंच अडकला. चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं. लोक हसत होते, मिस्त्री घाम पुसत होता. बनुबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी जाती आत. काय करायचं त्ये वरनं सांगा."

एकीनं आरसा धरून भोकातून ऊन आत टाकलं. त्या उजेडाच्या तुकड्यामागं सरकत सरकत बनुबाईनं सगळा घुमट आतून घोटून काढला. मिस्त्रीनं हात घालून आतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाई, हे काम तुमचं हाय."

तेव्हा ती तिशीची होती. माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीकडचं. लग्न होऊन ती कुंडलपासून चार मैलांवरच्या घोगरवाडीत आली. नवरा तात्याबा मेंढरं राखायचा. गाव उसाचं, पण गावाच्या उत्तरेला चाळीस एकर गायरान होतं, आणि धनगरवाड्यावरची मेंढरं, गावातली गुरं त्याच्यावरच फिरायची. तात्याबा मोजकं बोलणारा माणूस. बायको थापी घेऊन घरी आली तेव्हा त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "जड हाय की गं." एवढंच.

धनगराच्या बाईकडून बांधकाम करून घ्यायला गावातलं कुणी तयार होईना. तयार झाले ते लालासाहेब. मिलिटरीतून सुभेदार होऊन नुकतेच परत आलेले, वीस एकर ऊस, दारात सहा म्हशी. त्यांनी आपल्या गोठ्यामागं खड्डा काढला, स्वतः खुर्ची टाकून बसले आणि बघायला आलेल्यांना म्हणाले, "बाई बांधतीय म्हणून नाक मुरडू नका. फौजेत मी बायका डॉक्टर बघितल्यात, जवानांची हाडं जोडणाऱ्या. ही तर विटा जोडतीय."

शेणकाल्यानं खड्डा भरला, तीन आठवडे गेले. पहिला वायू पेटत नाही, तो सोडून द्यायचा असतो. बनुबाईनं तो दोन दिवस सोडला. तिसऱ्या दिवशी सुभेदारांच्या स्वयंपाकघरात काडी ओढली आणि शेगडीवर निळी ज्योत उभी राहिली. तिला आवाज नव्हता, धूर नव्हता. घरातल्या बायका आधी मागं सरल्या, मग पुढं झाल्या. सुभेदारांनी त्या दिवसापासून बनुबाईला 'अक्का' म्हणायला सुरुवात केली. भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची, ते तिला लुगडं द्यायचे.

पुढच्या सहा-सात वर्षांत घोगरवाडीत त्रेचाळीस गोबरगॅस झाले. सगळे बनुबाईच्या हातचे. कामं दोघांत वाटली गेली होती. ती घरोघर जाऊन बायकांना पटवायची आणि बांधायची, सुभेदार अर्ज लिहायचे, कचेऱ्या करायचे, अनुदान आणायचे. साक्षरतेच्या वर्गात ती वाचायला शिकली, सही करायला शिकली. पण कागदाचं काम तिनं कधी आपल्याकडं घेतलं नाही. सुभेदार होते ना.

पंच्याण्णव साली उन्हाळ्यात गायरानावर साखळ्या आणि लाल निशाणं घेऊन माणसं आली. तात्याबानं मेंढरं थांबवून विचारलं, तर ती म्हणाली, "मोजणी चाललीय." कशाची, ते आठ दिवसांनी कळलं. एक खाजगी कंपनी तिथं गॅस भरायचा कारखाना काढणार होती. टँकरनं गॅस यायचा, सिलेंडरात भरायचा आणि जिल्हाभर जायचा. त्याच महिन्यात बनुबाई नव्या सात गोबरगॅसचं अनुदान विचारायला गेली, तर कचेरीतून उत्तर आलं, "यंदा उद्दिष्टच आलेलं नाही, पैसे मिळणार नाहीत."

ती सुभेदारांच्या ओसरीवर येऊन बसली. "आवं सुभेदार, मला एक कळंना. सिलेंडरला सरकार दर खेपंला पैशाचा हातभार लावणार, जलमभर लावणार. आन् ह्याला एकदाच लावायचा, तर तोबी आखडून घेतला? आमची म्हस परदेशातनं येत न्हाई, शेण जहाजातनं येत न्हाई. मग?"

सुभेदार खुर्चीतून उठले. "अक्का, हेच बोल. असंच बोल. ह्याच्यावर आपण लढायचं."

आणि दोघं लढले. 'गायरान बचाव समिती' निघाली, सुभेदार अध्यक्ष झाले. कुंडलच्या बाजारात सभा झाली. बनुबाई सभेत पहिल्यांदाच बोलायला उभी राहिली. सिलेंडरच्या मदतीचं तेच वाक्य तिनं म्हटलं आणि बाजारातल्या बायका भाजीच्या पाट्या सोडून पुढं आल्या.

तिची खरी करामत तासगावला दिसली. ट्रॅक्टरच्या चाकाची मोठी ट्यूब तिनं गोबरगॅसवर लावून फुगवली, बैलगाडीत घातली आणि पन्नास बायका घेऊन तहसील कचेरीसमोर नेली. ट्यूबला नळी, नळीला शेगडी. ट्यूबवर दगड ठेवला, काडी लावली आणि भर कचेरीपुढं चहा ठेवला. शिपाई पळत आला, "अहो, स्फोट होईल!" बनुबाई म्हणाली, "स्फोट न्हाई हुयाचा. साखर किती घालू, तेवडं सांगा." तहसीलदार बाहेर आले, हसले, उभ्या उभ्या चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या पेपरात बातमी आली. फोटोत शेगडी होती, सुभेदार होते आणि बनुबाईचा अर्धा हात होता.

त्या हिवाळ्यात सुभेदारांनीच सुचवलं, "आता बायकांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. नुसत्या बायकांच्या. सरकारला न्हाई म्हणता येणार न्हाई."

त्यांनी अर्ज लिहिला आणि मारुतीच्या देवळात मोठ्यानं वाचून दाखवला. गायरान द्यायला आमचा विरोध आहे, सिलेंडरला जी मदत देता ती गोबरगॅसला द्या, असं त्यात होतं. त्या पहिल्या पानाला मागं रेघा मारलेले कोरे कागद जोडले होते. अनुक्रम, नाव, सही किंवा अंगठा. पहिल्या क्रमांकावर बनुबाईनं सही केली. 'बनुबाई तात्याबा मदने.' काना-मात्रा बघत, हळूहळू.

मग शाईचा डबा घेऊन ती तीन आठवडे दारोदार फिरली. उसाच्या तोडणीचे दिवस होते, बायका घरी सापडायच्या नाहीत, म्हणून फडात जाऊन अंगठे घेतले. सगळ्यात शेवटी राहिली साळूबाई. धनगरवाड्यावर बनुबाईच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. साठीची एकटी बाई, दोन शेळ्या आणि गायरान, यावर जगायची. बनुबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा गावची वाट, पाणवठा, कुणाशी काय बोलावं, सगळं तिनंच शिकवलं होतं.

साळूबाई अंगठा देईना. "माज्या बापानं असाच एका कागदावर आंगठा दिलता. शेत गेलं. मी न्हाई देणार."

"सुभेदारांनी देवळात वाचून दावलंय, आत्ती."

"त्यांच्या वाचण्याचं मला काय करायचंय? तुला म्हाईत हाय का, काय लिव्हलंय?"

"मी वाचलंय सोता. माज्यावर इस्वास हाय न्हवं?"

साळूबाईनं तिच्याकडं जरा वेळ बघितलं. "तुज्यावर हाय," म्हणाली आणि अंगठा पुढं केला. लहानपणी विळ्यानं कापलेला अंगठा होता तो, मधोमध आडवी खूण असलेला. कागदावर त्याचे दोन तुकडे उमटले. तो दोनशे अकरावा.

बनुबाईनं कागद सुभेदारांच्या हातात दिले. "मी सोता सांगलीला नेऊन देतो," ते म्हणाले आणि गेले. चार दिवसांनी शिक्का मारलेली पोच दाखवली. गाव निर्धास्त झालं.

वर्ष उलटलं. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये गायरानावर सिमेंटचे खांब येऊन पडले. बनुबाई धावत सुभेदारांकडं गेली, तर घरात सांगितलं, पुण्याला गेलेत. दुसऱ्या दिवशीही पुण्याला. तिसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीनं सांगलीला गेली. कलेक्टर कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी एका कारकुनानं फाईल काढली आणि तिच्याकडं नवलानं बघितलं.

"बाई, तक्रार कसली करताय? ही तर तुमच्याच गावच्या महिलांची मागणी आहे."

"दावा मला."

"वाचता येतं?"

"येतंय."

त्यानं फाईल तिच्यापुढं फिरवली. बनुबाईनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. 'आम्ही खाली सही व अंगठे करणाऱ्या घोगरवाडीच्या महिला विनंती करतो की, शेण व सरपणाच्या त्रासातून आमची सुटका व्हावी. त्यासाठी गायरानाची जागा गॅस प्रकल्पास देण्यास आमची काहीही हरकत नाही.' अक्षर सुभेदारांचं. ते तिला शेकडो अर्जांवरून पाठ होतं. तिनं पान उलटलं. खाली पहिली सही तिची होती. मग फडातल्या बायकांचे मातीचे अंगठे, मग शेवटच्या पानावर साळूबाईचा, आडवी खूण असलेला.

तिनं दुसऱ्यांदा वाचलं. काही चुकीचं वाचलं असेल, जोडाक्षर समजलं नसेल, असं तिला वाटत होतं. मग तिसऱ्यांदा वाचलं. कारकून म्हणाला, "बाई, पाणी देऊ का?" तिनं मान हलवली. तिच्या लक्षात आलं की मघापासून आपलं बोट स्वतःच्याच नावावर आहे.

गावात उतरल्यावर ती घरी गेली नाही. सुभेदार त्या दिवशी ओसरीवर होते. तिला बघून त्यांनी पेपर खाली ठेवला.

"सुभेदार, मी सांगलीला गेलती."

त्यांनी समोरची खुर्ची पुढं ओढली.

"वरचं पान बदललंसा."

"बस, अक्का."

"बसायला न्हाई आले. बदललंसा का न्हाई?"

"बदललं." ते सरळ बसले होते, शिस्तीत. "कारखाना येणारच हुता. मुंबईत वर ठरलं हुतं, मला तिथं बोलावून सांगितलं. आपण भांडून गायरान जाणारच हुतं आन् हाताला कायबी लागणार नव्हतं. म्हटलं, गावाच्या पदरात चार गोष्टी पडू देत. पोरांना कामं मिळतील. माज्या पोराला, शंभूराजला, गॅसची एजन्सी मिळतीय."

"म्हंजी तुमच्या पदरात."

"शंभूराज गावचाच हाय की! आन् तू मला सांग, बायकांनी शेणात हात किती वर्सं घालायचा? माजी सून मला इचारती. तिला काय सांगू? तू बांधत फिरतीस, पण रोज सकाळी काला कोण कालवतंय? बायकाच की."

हे खोटं नव्हतं आणि ते बनुबाईला ठाऊक होतं. म्हणून तिला जास्त लागलं. "मग त्येच देवळात म्हणायचं हुतंसा. 'मला पटंना झालंय, मी सोडतो,' म्हणायचं. आमी भांडलो असतो न्हाईतर गप बसलो असतो. पर आमचा आंगठा तुमी आमच्याच इरुद्द लावला. मी दारात जाऊन मागून आणला हुता त्यो. तुमच्यासाठनं न्हाई, माज्या शबुदावर दिला हुता बायकांनी."

आतून त्यांची सून संयोगिता चहा घेऊन आली होती आणि उंबऱ्यातच थांबली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, मी शेगडी मागितली हुती. बायकांचे आंगठे न्हाई मागितले."

"आत जा तू," सुभेदार म्हणाले. ती कप तिथंच ठेवून आत गेली. बनुबाई परत फिरली.

तात्याबाला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मेंढरं कुठं न्यायाची आता?"

दुसऱ्या दिवसापासून ती ज्या दारांतून अंगठे आणले होते त्या प्रत्येक दारात पुन्हा गेली. काय लिहिलंय ते तोंडानं म्हणून दाखवायची आणि म्हणायची, "चूक माजी हाय. मी कागद दुसऱ्याच्या हातात दिला." काही बायका रडल्या, काहींनी सुभेदारांना शिव्या घातल्या. पण बऱ्याच जणींनी तिच्याकडंच रोखून बघितलं. एक बाई तर म्हणाली, "तुज्याशिवाय हे झालंच कसं? पयली सही तुजी. तुला काय मिळालं, त्ये तरी सांग." बनुबाईनं आठ वर्षांपूर्वी गोबरगॅस बांधून तिच्या घरातली धुराची चूल बंद केली होती. ती पुढच्या दाराला गेली.

साळूबाईच्या घरी ती सगळ्यात शेवटी गेली. साळूबाई शेळीला पाला घालत होती. तिनं ऐकून घेतलं. हात थांबवला नाही. पाला संपल्यावर स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं, लुगड्याला पुसला, जणू अजून शाई असावी, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. भिंतीला भिंत असूनही त्यानंतर ती बनुबाईशी बोलली नाही.

तरी चौसष्ट जणी तयार झाल्या. सांगलीला जाऊन सांगायचं ठरलं, की अंगठे आमचे, पण मजकूर आमचा नाही. संयोगितानंही शब्द दिला. "मी सांगीन, पान कुणी बदललं त्ये. माज्यासमोर मामंजींनी कबूल केलंय." बनुबाईला वाटलं, आता होईल. घरातलीच बाई बोलली तर कोण नाही म्हणेल? पण ज्या दिवशी जायचं, त्या दिवशी सकाळी शंभूराजनं बायकोला जीपमध्ये बसवून माहेरी वाईला पोचवलं. ती बळजबरीनं गेली की आपणहून, हे बनुबाईला कधी कळलं नाही. नंतर दोघी समोरासमोर आल्या की संयोगिता पदर सावरून वाट बदलायची.

कलेक्टर साहेबांनी चौसष्ट जणींचं ऐकून घेतलं. सभ्य माणूस होता. चौकशीचा हुकूम दिला. दोन महिन्यांनी चौकशीचा कागद आला, तो बनुबाईनं स्वतः वाचला. 'निवेदनावरील सह्या व अंगठे पडताळून पाहिले असता ते खरे असल्याचे आढळून आले. सबब तक्रारीत तथ्य नाही.'

ती मोठ्यानं हसली. अंगठे खरे होते, त्यात काय चूक? खोटं होतं ते वरचं पान. पण पान कुणी तपासलंच नव्हतं, आणि मूळ पान कुठं गेलं याची साक्ष द्यायला सुभेदारांच्या घराबाहेरचं कुणी नव्हतं. ती हसतेय बघून तात्याबा घाबरला. त्यानं कागद तिच्या हातातून काढून घेतला.

अठ्ठ्याण्णव साली कारखाना सुरू झाला. खांबांना तार लागली, फाटक झालं, फाटकावर पहारेकरी बसला. गावातल्या सहा पोरांना काम मिळालं, तेही सिलेंडर उचलायचं. कुंडलला शंभूराजच्या एजन्सीचं उद्घाटन झालं. नवं कनेक्शन मिळायला लागलं तशी बायकांनी नावं नोंदवली, आणि बनुबाईनं त्यांना दोष दिला नाही. रोज पहाटे काला कालवून त्यांचे हात खरंच दमले होते. पण गुरं चरायला जागा नाही म्हणून म्हशी विकल्या गेल्या, म्हशी गेल्या म्हणून शेण गेलं, आणि वर्षभरात त्रेचाळीसातले सव्वीस गोबरगॅस बंद पडले. दोन-तीन ठिकाणी तर तिनं आतून घोटलेल्या घुमटात लोकांनी कचरा टाकायला सुरुवात केली. ज्यांच्याकडं ना म्हैस ना कनेक्शन, त्या धनगरवाड्यावरच्या बायका पुन्हा काट्याकुट्या गोळा करायला लागल्या. साळूबाई त्यांतच होती.

तात्याबा मेंढरं घेऊन बनुबाईच्या माहेरी, माणच्या माळावर गेला. तिथं निदान माळ होता. "तूबी चल," म्हणाला. ती गेली नाही. सणावारी तो यायचा, कधी ती जायची. वीस वर्षं एका छपराखाली राहिलेली माणसं अशी दोन जिल्ह्यांत वाटली गेली.

तिनं काम सोडलं नाही. येरळा नदीपलीकडच्या गावांतून अजून बोलावणी येत. अनुदान नसेल तिथं ती विटांच्या जागी दगड वापरायची, मजुरीला धान्य घ्यायची. तिथल्या बायकांनाही एकदा अर्ज करायचा होता, सिलेंडरच्या बरोबरीनं आम्हालाही मदत द्या म्हणून. त्यांनी तिला विनवलं, "मावशी, तुमी फिरा, तुमच्या शबुदावर सगळ्या आंगठं देतील." बनुबाई ताडकन् म्हणाली, "न्हाई. माज्या शबुदावर कुनी कायबी द्यायचं न्हाई. जिला सांगायचंय तिनं एसटीत बसायचं आन् सोताच्या तोंडानं सांगायचं." अकरा जणी तयार झाल्या. तिनं त्यांना सांगलीला नेलं आणि स्वतः दाराबाहेर बाकावर बसून राहिली. त्यातल्या चौघींना पुढं अनुदान मिळालं.

सुभेदार तिला त्यानंतर एकदाच भेटले, नव्व्याण्णवच्या मे महिन्यात, कुंडलच्या एसटी स्टँडवर. ते थकले होते, हातात काठी आली होती. शेडमध्ये एकच बाक होतं. त्यांनी सरकून जागा केली आणि म्हणाले, "बस की, अक्का. गाडीला वेळ हाय."

बनुबाईनं सिमेंटची अर्धी पिशवी खाली ठेवली, आपली थापी तिच्यावर ठेवली आणि उभीच राहिली. गाडी पाऊण तासानं आली. तेवढा वेळ ती शेडच्या बाहेर, उन्हात उभी होती.